नर्सिंगच्या मुली एक दुपार शाळेत येणारेत, त्यांच्याकडून नेमकं काय शिकून घ्यावं?

घाटाखालची_बाई

नमस्कार मंडळी. मी राधानगरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, पहिली ते सातवी. कोल्हापूरच्या एका नर्सिंग कॉलेजच्या मुली (दोन-तीन ब्रदर, म्हणजे नर्सिंग शिकणारे मुलगे, पण आहेत म्हणे) कम्युनिटी पोस्टिंगला आमच्या पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) येणारेत. त्यांच्या ट्युटर मॅडमचा फोन आला की शाळेत एक दुपार द्या, हेल्थ एज्युकेशन घेतो, विषय तुम्ही कळवा. हेडसर म्हणाले हात धुणे घ्या, चार्ट लावा, फोटो काढा, ग्रुपवर टाका, विषय संपला.

आता हात धुणं वाईट आहे असं नाही ओ, पण आमची पोरं परिपाठाला रोज हवेत हात धुतात, सरळ उलट मूठ अंगठा नखं मनगट सगळं तोंडपाठ. दुपारी नळाला पाणी नसतं ही खरी अडचण, त्याला नर्सिंगची पोरगी काय करणार?

मी आमच्या शाळेची आरोग्यदूत पण आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, २०२० पासून आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात दर शाळेतले दोन शिक्षक नेमतात, शक्यतो एक बाई एक सर, आणि त्यांनी सहावीच्या पुढच्या वर्गांना अकरा विषयांवर तासिका घ्यायच्या. पोषण, व्यसनं, भावनिक आरोग्य, इंटरनेटचा वापर, बरंच आहे आणि चांगलं पण आहे. पण ते सगळं बोलायचं आहे, करायचं त्यात फार थोडं. मागल्या पावसाळ्यात पाचवीतल्या एका पोराला वर्गात आकडी आली तेव्हा कोण म्हणतंय कांदा फोडा, कोण म्हणतंय चप्पल हुंगवा, स्वयंपाकीण मावशी चमचा घेऊन धावत आल्या, आणि फोन कुणी करायचा यावर चर्चा. पोरगं आपलं आपण शुद्धीवर आलं, आता औषध चालू आहे, बरं आहे. पण तेव्हापासून डोक्यात बसलंय की एक दुपार मिळाली तर असलं काहीतरी घ्यावं.

तर तुम्ही असता तर काय मागितलं असतं? दीड-दोन तास मिळतील. समोर आम्ही शिक्षक, सहावी-सातवीची पोरं, आणि त्याच दिवशी पालकसभा ठेवली तर आया पण येतील. सगळं एकदम नको, ते कळतंय मला.

---

स्किललॅब_तिसरा_मजला

बाई आधी तुमचे आभार, कारण विषय विचारला की बऱ्याच शाळा "काहीपण घ्या मॅडम" म्हणतात आणि मग आमच्या मुली काहीपणच घेतात. मी नर्सिंगची ट्युटर आहे (तुम्हाला फोन केलेली नव्हे, दुसऱ्या कॉलेजची), त्यामुळे आतली गोष्ट सांगते.

मुलींना पोस्टिंगमध्ये हेल्थ टॉक द्यावाच लागतो, त्याचे मार्क असतात. त्यासाठी लेसन प्लॅन लिहायचा, त्यात वेळ, उद्दिष्ट, मजकूर, पद्धत, ए.व्ही. एड आणि शेवटी मूल्यमापन असे रकाने. आदल्या रात्री हॉस्टेलवर स्केचपेनने चार्ट रंगवतात. दुसऱ्या दिवशी मुलगी चार्टाकडे तोंड करून वाचते, पोरांकडे पाठ, शेवटी "समजलं का?", पोरं "होऽऽऽ", आणि मूल्यमापनाच्या रकान्यात "विद्यार्थ्यांनी प्रश्नांची योग्य उत्तरे दिली". संपलं. मुलींचा पण दोष नाही, त्यांना पण असंच शिकवलेलं असतं.

तुमच्या हातात एक गोष्ट आहे जी शाळांना माहीत नसते. त्या टॉकच्या कागदावर हेडसरांची सही आणि शिक्का लागतो. तुम्ही आधीच सांगा की आम्हाला भाषण नको, डेमो पाहिजे, आणि आमच्या प्रत्येक शिक्षकाने आणि निदान दहा पोरांनी तेच उलटं करून दाखवलं तरच सही. आमच्यात त्याला रिटर्न डेमो म्हणतात. वॉर्डात इंजेक्शन द्यायला शिकवताना आम्ही मुलींकडून ते करून घेतल्याशिवाय सोडत नाही, मग शाळेतच का सोडायचं हे मला पण कधी कळलं नाही.

विषय म्हणाल तर आकडी घ्याच, तुमच्याकडे औषध चालू असलेलं पोरगं आहे म्हणजे ते पुन्हा होऊ शकतं. करायचं एवढंच: आजूबाजूचे बेंच, दप्तरं बाजूला ओढायची, डोक्याखाली स्वेटर नाहीतर दप्तरातली कापडी पिशवी घालायची, कॉलरचं बटण, टाय सैल करायचा, हातपाय दाबून धरायचे नाहीत, तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही (चमच्याने दात तुटतो आणि तुटलेला दात श्वासनलिकेत जातो), झटके थांबायला आले की कुशीवर वळवायचं म्हणजे लाळ, उलटी बाहेर पडते. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणी पाजायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सुरू झाल्या झाल्या एकाने घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेलं, किंवा एक थांबून शुद्ध न येता दुसरी आली, किंवा पहिल्यांदाच आलेली असली, की १०८. कांदा-चपलेने काही होत नाही, बहुतेक आकड्या एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतात आणि नेमकी त्याच वेळेला चप्पल नाकाशी असते म्हणून तिला श्रेय मिळतं.

कुशीवर वळवणं वाचून येत नाही हां. एका पोराला सतरंजीवर झोपवा आणि प्रत्येकाला वळवायला लावा. लांबचा हात आडवा छातीवरून, लांबचा गुडघा वर, आणि गुडघ्याला धरून आपल्याकडे ओढायचं. दणकट सातवीच्या पोराला चिमुकली बाई पण वळवते, ते बघून पोरं टाळ्या वाजवतात.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर दुसरा विषय छाती दाबण्याचा घ्यावा. मॅनिकिन (सरावाचा पुतळा) आणायला सांगा.

---

पीएचसी_नाईट

स्किललॅब मॅडमशी पूर्ण सहमत फक्त शेवटच्या ओळीला विरोध. छाती दाबणं शिकवा, नाही म्हणत नाही, पण दोन तासांत राधानगरी पट्ट्यात पहिला मान सापाचा. मी स्टाफ नर्स आहे, डोंगरी भागातल्या पीएचसीत नोकरी झाली आहे, जून ते ऑक्टोबर काय येतं ते मला विचारा. भाताची लावणी, वैरणीच्या गंजी, शेणी रचलेल्या, गोठा घराला चिकटून, आणि पोरं खाली अंथरुणावर झोपलेली.

देशाचा आकडा पण लहान नाही, २००० ते २०१९ या काळात वर्षाला सरासरी ५८,००० माणसं सर्पदंशाने गेली असा अंदाज आहे. केंद्राने २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा काढला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून, आणि त्याच वर्षी राज्यांना सर्पदंश नोंद करण्याचा आजार करायला सांगितलं. पण आराखडा दिल्लीत आणि घोणस बांधावर, मधे बाई तुम्हीच आहात.

काय शिकवावं ते सांगते. आपल्याकडचे चार विषारी मुख्य, नाग, मण्यार, घोणस, फुरसं. पोरांना ओळखायला शिकवा पण त्यात फार वेळ घालवू नका, कारण उपचाराला साप ओळखायची गरज नाही, आपल्याकडची लस या चारही सापांवर एकच आहे. साप मारून पिशवीत घालून आणणारे लोक दरवर्षी येतात, त्यात दुसरा माणूस चावून घेतो आणि वेळ जातो तो वेगळाच.

मण्यार मात्र आयांना नक्की सांगा. ती रात्री चावते, झोपेत, दुखत नाही, सुजत नाही, कधी कधी दाताची खूण पण दिसत नाही. पोरगं पहाटे उठून पोटात दुखतंय म्हणतं, घसा धरलाय म्हणतं, आई ओव्याचं पाणी देते. मग पापण्या जड होतात, डोळे उघडत नाहीत, मान धरत नाही. पावसाळ्यात पहाटे पोटदुखी आणि पापण्या खाली, एवढं दिसलं की सरळ दवाखाना, साप दिसला का नाही हे विचारत बसायचं नाही. खाली झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचली तरी पुष्कळ चावे टळतात, यात डासाचं काम पण होतं.

चावल्यावर: माणसाला बसवायचं, चालवायचं नाही, पळवायचं तर नाहीच. अंगठी, कडं, पैंजण, बूट आधी काढायचे, सूज चढली की मग ते कापून काढावे लागतात. चावलेला हात किंवा पाय मोडल्यासारखा समजून पट्टी आणि फळीने (शाळेत लाकडी फूटपट्ट्या आहेतच) हलणार नाही असा बांधायचा, आवळायचा नाही. वेळ लिहून घ्यायची. ब्लेड नाही, चोखणं नाही, बर्फ नाही, कोंबडी लावणं नाही, आणि दोरी नाही. आणि आधीच कुणी दोरी करकचून बांधलेली असली तर रस्त्यात फाडकन सोडू नका, तशीच आमच्याकडे आणा, लस हाताशी ठेवूनच ती सोडायची असते, नाहीतर अडलेलं विष एकदम चढतं.

लहान पोराला लस कमी लागते असं लोक समजतात, तसं नाही. सापाने विष तेवढंच सोडलेलं असतं त्यामुळे पोराला पण मोठ्याएवढाच डोस. नर्सिंगच्या मुलींना हे त्या दिवशी विचारा, बऱ्याच जणी अडखळतील. आणि वीस मिनिटांची रक्त गोठण्याची टेस्ट पण विचारा. कोरड्या स्वच्छ काचेच्या ट्यूबमध्ये २ मिली रक्त, न हलवता २० मिनिटं, नंतर एकदाच तिरकी करून बघायची, गोठलं नाही तर घोणस-फुरशाचं विष समजायचं. प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये केली किंवा साबणाने धुतलेली ट्यूब घेतली की चांगलं रक्त पण गोठत नाही आणि रिपोर्ट चुकतो. पोस्टिंगच्या मुलींना हे पीएचसीत दाखवायचं, शाळेत नव्हे, पण त्या येतायत म्हणून लिहिलं.

आणि फोन. निघायच्या आधी जिथे नेणार तिथे फोन करून विचारा, लस आहे का, डॉक्टर आहेत का. एका ठिकाणी लस नाही म्हणून दुसरीकडे, तिथून कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाला, असं फिरण्यात जे पोरगं वाचलं असतं ते जातं.

---

खिचडी_रजिस्टर

मी शिरोळकडचा, शिक्षक. आमच्याकडे डोंगर नाही, नदी आहे. २०१९ आणि २०२१ चे दोन महापूर बघितलेले, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फुटांवर इशारा आणि ४३ ला धोका हे आमच्या तिसरीच्या पोराला पाढ्यागत पाठ आहे.

बाईंचा उत्साह चांगला आहे पण एक कडू बोलतो. शिक्षकांवर अजून किती? युडायसची ऑनलाइन माहिती आम्ही, खिचडी आम्ही, निवडणूक आम्ही, आता छाती पण आम्हीच दाबायची. ट्रेनिंगला जावं तर तिथं तालुक्याहून शिकून आलेला माणूस पीपीटी वाचून दाखवतो, त्याने पण ती जिल्ह्याला कुणाकडून तरी ऐकलेली, तिसऱ्या हाताला आलेला चहा जेवढा गरम असतो तेवढंच ते ज्ञान. आणि काही चुकलं की गाव आमच्या दारात.

उदाहरण देतो. आयर्नच्या गोळ्या. पहिली ते पाचवीला गुलाबी, पुढच्यांना निळी, आठवड्यातून एक. सोमवार ठरलेला. एका सोमवारी दोघातिघांना मळमळलं, एका पोराची शी काळी झाली, आणि संध्याकाळी व्हॉट्सॲपवर "शाळेत विषारी गोळ्या". दुसऱ्या दिवशी पन्नास पालक. शी काळी होते हे आम्हाला ट्रेनिंगला कुणी सांगितलं नव्हतं, सांगितलं होतं ते सगळं रजिस्टर कसं भरायचं तेच. त्यानंतर पोरं गोळी जिभेखाली धरून बाहेर गटारीत थुंकायची, निळी गटार बघितली आहे का कुणी? आम्ही बघितली आहे.

---

पीएचसी_नाईट

सर तुमचा राग रास्त आहे आणि तुम्ही बाईंना नकळत पालकसभेचा विषय पण दिलात. गोळी रिकाम्या पोटी दिली की मळमळणारच, खिचडी झाल्यावर अर्ध्या तासाने द्यायची आणि पुढे तासभर चहा नाही, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबू, आवळा, पेरू चालतो, उलट बरं. शी काळी होणं म्हणजे न शोषलेलं लोह बाहेर पडतंय, घाबरायचं कारण नाही, आणि हे आयांना गोळी सुरू करायच्या आधी सांगायचं असतं, नंतर नाही. ताप असलेल्या, आजारी पोराला त्या दिवशी द्यायची नाही.

निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, गुलाबीत ४५ आणि ४००. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के ॲनिमिक निघाल्या, त्यामुळे गटारीत जाते ती गोळी स्वस्त नाही. जंताची गोळी फेब्रुवारी आणि ऑगस्टला असते ती पण चुकवू नका, जंत तसेच असले तर वरून लोह घालून फारसा उपयोग नाही. अल्बेंडाझोल ४०० ची गोळी चावून खायला सांगा, गिळताना लहान पोराला ठसका लागतो.

---

जीएनएम_थर्ड_इयर

मी स्टुडंट आहे, वाचत होते, बोलू का नको करत होते. ट्युटर मॅडमनी लिहिलंय ते शंभर टक्के खरंय, चार्ट आम्ही रात्री दोनपर्यंत रंगवतो आणि कार्डशीटचे पैसे आमच्याच खिशातून 😅 आणि शाळेत गेल्यावर सगळे शिक्षक "बरं झालं तुम्ही आलात" म्हणून स्टाफरूममध्ये चहाला जातात!! आम्ही आणि ऐंशी पोरं. प्लीज शिक्षकांना वर्गात बसवा, नाहीतर आम्ही शिकवून एसटीने परत आणि आकडी येणार तुमच्या वर्गात.

दुसरं म्हणजे पाळीचा विषय. मागच्या पोस्टिंगला एका शाळेत सहावी-सातवीच्या मुलींना वेगळ्या खोलीत घेतलं, दारं खिडक्या बंद, बाहेर मुलं हसतायत, आत मुली खाली मान घालून. काय शिकणार त्या? माझं म्हणणं मुलांना पण सांगा, वेगळ्या वर्गात का होईना, एक ब्रदर असेल तर त्यानेच सांगू दे. मुलींना पण पॅड कसं लावायचं हे दाखवून सांगतात, पण टाकायचं कुठं, शाळेत बदलायला जागा कुठली, कपड्यावर डाग पडला तर कुणाकडे जायचं हे कुणी बोलत नाही आणि त्या दिवसांत शाळा बुडते ती यानेच. अस्मिता योजनेत २०१८ ला ५ रुपयांत ८ पॅडचं पाकीट आलं होतं, माझी बहीण तेव्हा झेडपीच्या शाळेत होती, पाकीट मिळालं पण टॉयलेटच्या दाराला कडी नव्हती.

कडी लावायला नर्सिंग कॉलेज लागत नाही, एवढंच म्हणते. जास्त बोलले असेन तर सॉरी.

---

घाटाखालची_बाई

जास्त काही बोलली नाहीस गं, कडी आमच्या पण एका दाराला नाही, उद्याच सुताराला सांगते.

खिचडी सर, पटतंय सगळं. पण आकडी येताना ती शिक्षकाला विचारून येत नाही आणि पीएचसी आमच्यापासून नऊ किलोमीटर, त्यामुळे पहिली दहा मिनिटं माझीच आहेत, मला आवडो न आवडो.

दोन शंका आहेत. एक, शाळेच्या आवारात रेंज येत नाही, मागच्या टेकाडावर चढलं की येते, तेव्हा १०८ ला फोन कसा करायचा? दोन, छाती दाबणं शिकावं का नको, तुमच्या दोघींचं एकमत होईना म्हणून मी लटकले.

---

स्किललॅब_तिसरा_मजला

रेंजचा प्रश्न म्हणजेच खरं ट्रेनिंग, हसू नका. हे आत्ताच ठरवून ऑफिसच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा: कोण पोराजवळ थांबणार, कोण घड्याळ बघणार, कोण टेकाडावर पळणार, कोण बाकीच्या पोरांना बाहेर नेणार, कुणाची गाडी. नावानिशी, आणि तो माणूस रजेवर असला तर दुसरं नाव. सातवीच्या पोरांना पण यात घ्या, टेकाडावर पळायला त्यांच्यापेक्षा कोण बरं? फोनवर बोलायचं वाक्य पण लिहून ठेवा, गाव, तालुका, शाळेकडे यायची खूण, पोराचं वय, काय झालं, किती वाजता. घाबरलेला माणूस "लवकर या लवकर या" म्हणतो आणि कुठं ते सांगत नाही. आणि वर्षाच्या सुरुवातीला पालकांकडून एक चिठ्ठी घ्या, पोराला काही आजार, औषध, ॲलर्जी, दोन फोन नंबर. खिचडी सरांची जी भीती आहे, गाव दारात येईल म्हणून, त्याला पण हाच उपाय, काय केलं ते वेळेसकट रजिस्टरला लिहून ठेवा.

छाती दाबण्याबद्दल पीएचसी सिस्टरांचं ऐकते, माघार. तुमच्या दोन तासांत साप आणि आकडीच बसवा. फक्त शिक्षकांसाठी शेवटची पंधरा मिनिटं ठेवा, पोरांना सोडून. मोठा माणूस पडला, हाक मारून उत्तर नाही, श्वास नाही किंवा मधूनच आचके, तर छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२०, पाच-सहा सेंटिमीटर खोल, हात सरळ, दाबल्यावर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. मॅनिकिन नसला तर घट्ट उशी पण चालते. दोन मिनिटं दाबली की शिक्षकांना घाम फुटतो आणि तेव्हाच कळतं की माणसं बदलून करावं लागतं. पण पाण्यात बुडालेलं पोरगं असेल तर नुसतं दाबून भागत नाही, तोंडाने श्वास पण द्यायचा, शिरोळकरांनी हे लक्षात ठेवा.

एक सांगायचं राहिलं. हाताने शिकलेलं पण काही महिन्यांत उतरतं, नर्सचं पण उतरतं, म्हणून आम्हाला पुन्हा पुन्हा करायला लावतात. तुम्ही जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर आणि दिवाळीनंतर, परिपाठाच्या वेळेत दहा मिनिटं, एकदा आकडी एकदा साप, अचानक घ्या. सांगून घेतलेल्या ड्रिलला काही अर्थ नाही.

---

आरबीएसके_गाडी

डॉक्टर आहे, आरबीएसकेच्या (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) शाळा तपासणीच्या गाडीवर. आमचा कार्यक्रम २०१३ ला पालघरहून सुरू झाला, अंगणवाडीला वर्षातून दोनदा आणि शाळेला एकदा आम्ही येतो. एका दिवसात एवढी पोरं बघायची असतात की एकेकाला मिनिटं मोजकी मिळतात. तुम्ही त्यांना रोज पाच तास बघता, त्यामुळे तुमची नजर तयार झाली तर आमचं निम्मं काम झालं, आणि हे पोस्टिंगच्या मुली चांगलं शिकवू शकतील.

फळ्यावरचं लिहिताना शेजारच्याच्या वहीत बघणारं पोरगं कॉपी करत नसतं, त्याला दिसत नसतं. हाक मारल्यावर एकाच बाजूने वळणारं, कान वाहणारं. खेळताना लगेच दम लागून बसणारं, ओठ निळसर होणारं. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा, जो खाजत नाही, दुखत नाही, टाचणी लागली तरी कळत नाही, तो पालकांना नायटा वाटतो पण कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यायचीच, औषध फुकट आहे आणि वेळेत घेतलं तर पूर्ण बरा होतो. दोन आठवड्यांच्या वरचा खोकला आणि वजन घटलेलं.

आणि मावा, सुपारी-तंबाखूचा. सातवीच्या पोरांचं तोंड उघडायला लावा आणि त्यांचीच तीन बोटं उभी आत जातात का बघा. न जाणारी पोरं सापडली की घरी कळवून दातांच्या डॉक्टरकडे पाठवायचं, सुपारीने गाल आतून कडक होतात. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे आणि शाळेच्या १०० यार्डात तंबाखू विकायला कायद्याने मनाई आहे, मावा कुठल्या टपरीवर मिळतो हे मात्र पोरांनाच विचारा, बरोबर सांगतात.

आमची गाडी यायच्या आधी अशा पोरांची यादी करून ठेवाल? लई उपकार होतील.

---

खिचडी_रजिस्टर

तीन बोटांचं आज करून बघितलं, शिक्षकांच्यावर. दोघांची जात नाहीत. नावं सांगत नाही.

---

घाटाखालची_बाई

😂😂 सर!

ठरलं मग. ट्युटर मॅडमना फोन केला, सहीची अट सांगितली, त्या आधी गप्प झाल्या मग हसून म्हणाल्या बाई तुम्ही नर्सिंगवाल्या का? पहिला तास आकडी आणि साप, वर्गात सतरंजी घालून, सगळे शिक्षक हजर, हेडसर पण. सातवीच्या मुलींची तासिका वेगळी, ब्रदर मुलांना घेणार. पालकसभेला मण्यार, मच्छरदाणी, आयर्नची गोळी आणि जुलाब. जुलाब मीच घुसडलं कारण पावसाळा तोंडावर आहे, ओआरएस करून दाखवायला सांगितलंय. हात धुण्याचा चार्ट हेडसरांच्या समाधानासाठी भिंतीवर राहील. नळाचं ग्रामपंचायतीला लेखी दिलंय.

ओआरएस ला काय काय जमवून ठेवू?

---

पीएचसी_नाईट

पाकिटं आशाताईकडून घ्या, आणि पाकिटावर किती पाण्याचं आहे ते आयांना मोठ्याने वाचायला लावा. सरकारी पाकीट १ लिटरचं असतं, मेडिकलमध्ये २०० मिलीचं छोटं पण मिळतं. घरात काय होतं, लिटरचं पाकीट पेलाभर पाण्यात चिमूट चिमूट घालतात नाहीतर अख्खं ओततात, दोन्ही चूक. जास्त घट्ट झालं तर जुलाब वाढतात. लिटर मोजायला घरात मापाचं भांडं नसतं म्हणून पाण्याची १ लिटरची प्लास्टिकची बाटली आणायला सांगा, ती सगळ्यांकडे असते. पाणी उकळून गार केलेलं, पूर्ण पाकीट एकदम, २४ तासांत संपवायचं, उरलेलं ओतून द्यायचं. पाकीट नसलं तर लिटरला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, सपाट म्हणजे बोटाने वरचा भाग काढून टाकलेला. प्रत्येक आईला चाखायला द्या, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ते टाकून परत करायचं.

टेट्रा पॅकमधली गोड सरबतं ओआरएसच्या नावाने विकत होती, ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने (केंद्राची अन्न सुरक्षा संस्था) लेबलवर तो शब्द वापरायला बंदी घातली, तरी दुकानातून कुणी आणून दाखवलं तर त्यातली साखर वाचून दाखवा. लहान पोरांना सोबत झिंकची गोळी १४ दिवस, सहा महिन्यांच्या वर २० मिलिग्रॅम, जुलाब थांबले तरी पूर्ण १४ दिवस. आणि अंगावरचं दूध, भात-वरण काही बंद करायचं नाही.

बाटल्या आधीच सांगून ठेवा हां, सभेला आयत्या वेळी पाच जणींकडे एक असते.